कवळीचा हिवाळा

नगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की डिसेंबरात दोन्ही बाजूंना पाट्या दिसायला लागतात. हुरडा पार्टी. बैलगाडीची सैर, झोपाळे, फोटो काढायला फेटे. शहरातली माणसं गाड्या करून येतात, पैसे भरतात आणि आम्ही लहानपणी शाळा बुडवून फुकट खाल्लं तेच शेतात बसून खातात. गावातले लोक त्यांना हसतात. मला हसू येत नाही. आवडीच्या घासासाठी माणसानं खिशात हात घालावा, हे मला पटलेलं आहे. एका हिवाळ्यानं ते पटवलं.

यंदाही नाताळासाठी गावी निघाले होते. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून नगर नगर असंच ओरडतो. मिरजगाव मागं पडलं आणि खिडकीतून तो वास आत आला. गोवऱ्यांचा धूर आणि त्यात भाजणारी कोवळी ज्वारी. दुधाळ, गोडसर, थोडा करपलेला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी खिडकी लावायला हात उचलला तर मी म्हटलं, "राहू द्या ना थोडा वेळ." त्यांनीही मग नाक बाहेर काढलं.

आमचं गाव कर्जतच्या अलीकडे आहे. कोरडवाहू मुलूख. पाऊस आला तर आला, नाहीतर काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ज्वारी उभी राहते. थंडी पडली की तिला कणसं भरतात, आणि माणसांआधी पाखरांना ते कळतं. रात्री काळवीटं येतात, दिवसा चिमण्यांचे थवे. डिसेंबर संपत आला की दाणा हुरड्यावर येतो. मग रानात हातभर खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. त्या विस्तवाला आमच्याकडे आगटी म्हणतात. निखाऱ्यात कणीस खुपसायचं, चटचट आवाज थांबला की ओढून काढायचं आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायचं. हिरवे दाणे पितळीत पडतात. सोबत लसणाची चटणी, गूळ, शेंगदाणे. बोलायला कुणाचं तोंड रिकामं नसतं.

आमच्या आगटीपाशी चोळायला कायम आई. तिचे तळहात असे, की निखाऱ्यातलं कणीस तिला नुसतं कोमट लागायचं. ती चोळायची, पाखडायची, सगळ्यांपुढे मूठमूठ टाकायची. बाबा खायचे, मी खायची, शेजारपाजारची पोरं खायची. आई खायची नाही. "मला आता गोडी न्हाई राह्यली त्यात," म्हणायची. गोडी होती. दात नव्हते.

दात कसे गेले ते सांगायला फार वेळ लागत नाही. दुखला की काढला. तालुक्याचे डॉक्टर विचारायचे, काढायचा की वाचवायचा? वाचवायला बरेच लागायचे, काढायला थोडे. आई म्हणायची, "काढा." एवढाच संवाद, दर एक-दोन वर्षांनी. पैसेवाल्यांचे दात किडत नाहीत असं थोडंच आहे! पण त्यांचे साफ होतात, भरले जातात, त्यांच्यावर टोप्या चढतात. आमच्या घरात दाताला एकच उपाय होता. पन्नाशी सरली तेव्हा आईच्या तोंडात एकही उरला नव्हता. गाल आत गेले, हनुवटी वर आली. भाकरी कालवणात कुस्करून, ती भिजेपर्यंत थांबून, सगळ्यांच्या मागून जेवायची. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की तिला हमखास काहीतरी काम आठवायचं.

पण खायचं एकवेळ जाऊ द्या. आई गाणारी होती.

आमचं ख्रिस्ती कुटुंब. गावात आमची दहा-वीस घरं आणि पत्र्याचं छप्पर असलेलं लहानसं चर्च. आत सतरंज्या, डावीकडे बाया, उजवीकडे बापये. पेटी नव्हतीच. बाबा ढोलकी वाजवायचे आणि गीत उचलायची आई. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजोबा रानात औत हाकताना गायचे, त्यांच्या मागं फिरून ती शिकली. नाताळच्या सकाळी तिनं पहिली ओळ घेतली की बाहेर कुडकुडत उभी असलेली माणसंही चपला काढून आत यायची.

गाणं गळ्यात असतं असं आपण समजतो. आईचं निम्मं गाणं दातांत होतं, हे दात गेल्यावर कळलं. त, थ, द, स, कुणालाच टेकायला जागा उरली नाही. सूर तसाच होता, शब्द मात्र ओल्या साबणासारखे निसटायचे. एका रविवारी ती गात असताना मागून कुणीतरी खुदकन हसलं. पुढच्या रविवारी आई मागच्या सतरंजीवर जाऊन बसली आणि गीत दुसऱ्या बाईनं उचललं. आईनं घरी येऊन चूल पेटवली.

बाबांचं यावर एकच वाक्य होतं, जे त्यांना कुठल्याही प्रसंगी चालायचं. "आपल्याला काय कमी हाय?" पत्रा गळला, बैल मेला, पाऊस गेला, तरी तेच. हे वाक्य ते खोटं बोलत नव्हते. लोकांच्या रानात सालानं राबून त्यांनी स्वतःचा तुकडा केला, मला शिकवलं, आणि कुणाच्या दारात हात पसरला नाही. न मागणं ही त्यांची श्रीमंती होती. मला त्या श्रीमंतीचा अभिमान होता, अजून आहे. फक्त तिची किंमत कोण मोजत होतं, ते हळूहळू दिसायला लागलं.

मी नगरला एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. नळीवर नाव असतं, वय असतं, पगार लिहिलेला नसतो. तरी काही वर्षांनी अंदाज यायला लागतो. काही माणसं काही दुखत नसताना तपासायला येतात. काही माणसं दुसरं काहीच करण्यासारखं उरत नाही तेव्हा येतात. पैशाचा खरा उपयोग मला त्या काचेच्या नळ्यांमध्ये कळला. पैसा माणसाला वेळेवर पोचवतो.

तर काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझा पगार वाढला. बरोबरच्या मुली म्हणाल्या, आता स्कूटर घे. मी सुट्टीला गावी गेले आणि आई भाकरी थापत असताना तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, आपण दात बसवू."

"कुनाला?"

"तुला."

ती थांबली आणि मग हसली. "आता या वयात? येडी का खुळी तू, रूथ! तेवढ्यात दोन शेळ्या येतील."

बाबा उंबऱ्यात बसून ढोलकीची दोरी ताणत होते. ते म्हणाले, "हौस हाय ही पोरी. गरज न्हाई. ती काय उपाशी हाय का? खाती की भाकर मऊ करून."

"मग तुमचा चष्मा हौस की गरज, बाबा?"

"चष्म्याबिगर मला वचन वाचता येत न्हाई."

"आणि तिला गाता येत नाही."

बाबांनी दोरी सोडून दिली. तव्यावरची भाकरी फुगली, आईनं ती उलटली नाही. करपल्याचा वास आला तरी ती बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या दातानं गाता येतं का?"

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आईला खुर्चीत मागं झोपवलं, हिरड्या तपासल्या, कवळीच्या सगळ्या गोष्टी नीट समजावल्या. काही विचारायचंय का, म्हणाल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं आणि स्वतःच विचारलं. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "मावशी, खाता येईल, बोलता येईल. गाण्याचं मला आजवर कुणी विचारलंच नाही. पण जीभ शिकते. मोठ्यानं वाचत जा. दिसेल ते वाचा."

मग मापं झाली. गुलाबी लगदा तोंडात धरून आई डोळे मिटून बसायची, प्रार्थनेला बसल्यासारखी. रंग निवडायच्या वेळी म्हणाली, "लई पांढरे नकोत. लोकं म्हनतील म्हातारी नटली." आणि ज्या दिवशी कवळी बसली, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला. आईनं तो आधी लांब धरला, मग जवळ आणला. गाल भरले होते. हनुवटी आपल्या जागी गेली होती. तिनं ओठ जरासे विलग केले, परत मिटले, परत विलग केले. "रूथ," ती म्हणाली, "ही तर माझी आई हाय."

येताना एसटीत खिडकीची जागा तिनं घेतली आणि वाचायला सुरुवात केली. सिमेंट. सळई. शुद्ध शाकाहारी. सर्व प्रकारचे सुटे भाग. प्रत्येक 'स'मधून शिट्टी निघत होती. समोरचे आजोबा वळून बघायला लागले तर आईनं त्यांच्याकडे बघून आणखी मोठ्यानं वाचलं, "सोलापूर साडी सेंटर!" मी पोट धरून हसत होते. ती हसत नव्हती. ती कामाला लागली होती.

पुढचे दिवस मात्र सोपे गेले नाहीत. हिरड्या सोलल्या. घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं. कवळी पाण्याच्या वाटीत पडून असायची. बाबा वाटीकडे बघून म्हणाले, "पैशे दिऊन दुखनं आनलं." मी नगरला होते, आईनं फोनवर मला हे सांगितलं. मला धास्ती वाटली की ती आता म्हणेल, राहू दे बाई. तिनं एवढंच विचारलं, "घासून कमी करत्यात म्हनं. परत कधी येऊ?" आणि एकटी आली. जिनं कधी एकटीनं कर्जतही केलं नव्हतं, ती मिरजगावला गाडी बदलून नगरला उतरली आणि विचारत विचारत दवाखान्यात पोचली. घासून घेतलं, परत गेली. पुन्हा टोचलं, पुन्हा आली. पैसा माझा होता. पण पैसा तिला खुर्चीपर्यंतच नेऊ शकला. तिथून पुढचं सगळं तिनं केलं, आणि दुखणं सोसून केलं.

तेव्हा ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती आणि पाखरं राखायचे दिवस होते. रानाच्या मधोमध लाकडाचा माळा उभा केलेला असतो. त्यावर चढून दिवसभर ओरडायचं, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची. हे काम एरवी बाबांचं. त्या वर्षी आई म्हणाली, "मी बसते माळ्यावर." मी शनिवारी गावी आले, तर घरात कुणी नव्हतं. रानात गेले आणि बांधावरच थांबले. कंबरेच्या वर आलेल्या ज्वारीतून आवाज येत होता. आई माळ्यावर उभी होती, गळ्याच्या शिरा ताणून गात होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. एखादा शब्द घसरला की थांबायची, तोच शब्द चार वेळा नुसता म्हणायची, मग ओळ पहिल्यापासून. प्रत्येक वेळी चिमण्यांचा थवा उठायचा, घिरटी घालून पलीकडच्या रानात उतरायचा. शेजारचे काका बांधावर आले नि म्हणाले, "तुझ्या आईनं समदी पाखरं आमच्याकडं धाडलीत. पर गाती झ्याक!"

नाताळच्या आधी, लवकर पेरलेल्या तुकड्यात पहिली आगटी पेटली. आईनं नेहमीसारखं सगळ्यांना चोळून दिलं. मग एक कणीस स्वतःसाठी काढलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघतोय असं दाखवत होतो आणि कुणीच दुसरीकडे बघत नव्हतं. तिनं चिमूटभर दाणे तोंडात टाकले. अलगद, दोन्ही बाजूंनी चावायला लागली. जबडा चालत होता, धूर तिच्या तोंडावर येत होता, तिनं तोंड फिरवलं नाही. "मीठ कमी हाय चटनीला," ती म्हणाली. इतकी वर्षं चटणी तीच करत होती, चव मात्र आम्हाला विचारत होती. त्या दिवशी ती पितळी मांडीवर घेऊन बसली आणि आम्हाला मागून घ्यावं लागलं.

आणि नाताळची सकाळ. चर्चच्या दारावर कागदी चांदणी, आत नव्या कपड्यांचा आणि करंज्यांचा वास, पत्र्यावर पडलेल्या दवाचे थेंब टपटपत होते. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. दर रविवारी गीत उचलणाऱ्या बाईनं मागं वळून आईकडे बघितलं. ती गाणं चोरून ऐकून आली होती की काय, कोण जाणे, पण ती बाजूला सरकली. आई उठली. बायांच्या मधून वाट काढत पुढं गेली, उभी राहिली आणि पहिली ओळ घेतली.

शिट्टी आली नाही. एकही शब्द निसटला नाही. सूर पत्र्याला जाऊन भिडला आणि तिथून आमच्यावर उतरला. दुसऱ्या ओळीला सगळ्या बाया तिच्यात मिसळल्या, तिसऱ्या ओळीला बापये, आणि मला वाटलं आता पत्रा उडणार. मी गात होते की रडत होते सांगता येत नाही. बाहेर बिड्या ओढत थांबलेली माणसं आत आली. उपासना संपल्यावर बायांनी तिला अंगणात घेरलं. "कुठं बसवले? किती पडले?" आमच्या घरात पैशाचा आकडा कायम खालच्या आवाजात बोलला जायचा. आईनं तो मान वर करून सांगितला. एक म्हातारी म्हणाली, "बया, लई झाले!" आई म्हणाली, "लई झाले. लईच मोलाचं काम हुतं ते."

पैशानं सुख मिळत नाही असं म्हणणाऱ्यांची बत्तिशी बहुतेक वेळा शाबूत असते, असं मला तेव्हापासून वाटतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. नंतरच्या वर्षांत माझ्याकडे आणखी थोडा पैसा आला. मी घरात सोफा आणला. बाबा अजून जमिनीवर बसतात, सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या बसतात. मोठा टीव्ही आणला, त्यावर आईनं भरतकामाचा रुमाल टाकलाय. दातांनी घर बदललं, सोफ्यानं नुसती खोली भरली. म्हणजे पैसा एका हद्दीपर्यंत फार मोठा असतो आणि हद्द ओलांडली की लहान लहान होत जातो. पण ती हद्द कुठं आहे हे सांगायचा अधिकार तिच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा. गरज कुठली आणि हौस कुठली, ही रेघ त्याची त्यानं मारावी. आमच्या घरात ती रेघ आईनं मारली, तव्यावर भाकरी करपत असताना.

एकाच गोष्टीचं कोडं मला राहिलं होतं. त्या नाताळच्या सकाळी सगळं गाव भारावलं, बाबा मात्र शांत होते. ढोलकी चुकली नाही, पण तोंडावर काही उमटलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "चांगलं झालं." मला वाटलं, हट्ट अजून गेला नाही.

यंदा पावसाळा संपता संपता त्यांचा फोन आला. ते फोनवर ओरडूनच बोलतात. हवापाणी झालं, ज्वारीची पेरणी झाली, तरी फोन ठेवेनात.

"बाबा, काही पाहिजे का?" मी सवयीनं विचारलं. उत्तर ठरलेलं होतं.

"व्हय," ते म्हणाले.

मी चालता चालता थांबले.

"कानाचं मशीन मिळतं म्हनं नगरला. जवळचं बोलनं कळतं मला, पर तुझी आई गाती तवा नुसती ढोलकी ऐकू येती. चाल बोटाला ठावी हाय म्हनून वाजवतो. तिचं तोंड हललेलं दिसतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दात बसवले तवापासून लोकं सांगत्यात, लई चांगली गाती. मी एकदाबी ऐकलं न्हाई, रूथ."

मी रस्त्याच्या कडेला झाले. तेच पुढं म्हणाले, "आन हे बघ, घ्यायचंच तर चांगलं घे. हलकं नको."

चांगलंच घेतलं. काल गावी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. दार उघडं होतं, आई नाताळच्या गीताची तालीम करत होती, बाबा भिंतीला टेकून ढोलकीवर हात ठेवून बसले होते. कानामागं ते लहानसं यंत्र. डोळे मिटलेले. आईनं पहिलं कडवं संपवलं, दुसरं घेतलं. बाबांचा हात एकदम थांबला.

"इथं घाई करतीस तू," ते म्हणाले.

आईनं वळून बघितलं. "काय?"

"दुसऱ्या कडव्यात. श्वास पुरा घेत न्हाईस. पुढच्या शब्दावर उडी मारतीस."

"अवो, समदं गाव वाहवा करतंय, आन तुमी चुका काढताय?"

"गावाला काय कळतंय? मला ऐकू येतंय ना आता. परत म्हन."

"न्हाई म्हनत जा! तुमची ढोलकीच मागं पडती, ते ऐका आधी."

"माझी? माझी ढोलकी मागं?"

दोघांचे आवाज चढत गेले. अंगणातली कोंबडी पळाली. मी पिशवी खाली ठेवली, चुलीवर चहाचं आधण टाकलं, आणि त्या भांडणात न पडता ते मनसोक्त ऐकत बसले.